चक्षुर्वै सत्यम्? : लिंकन-हत्येच्या आठवणींचे मोल

‘चक्षुर्वै सत्यम्’ हे वचन आपल्याकडे पंचांच्या निवाड्यापासून घरातल्या भांडणापर्यंत सर्वत्र चालते. ज्याने डोळ्यांनी पाहिले त्याच्यापुढे केवळ ऐकणाऱ्याने गप्प बसावे, एवढाच त्याचा व्यवहारातला अर्थ. पण एका घटनेच्या वेळी सोळा-सतराशे माणसे हजर होती आणि त्यांतल्या शंभरांनी ती शंभर तऱ्हांनी सांगितली, तर सत्य कोणाच्या डोळ्यांत शोधायचे?

हा प्रश्न मनात येण्याचे निमित्त एक इंग्रजी पुस्तक आहे. टिमथी गुड यांनी संपादित केलेले ‘वी सॉ लिंकन शॉट’ हे पुस्तक १९९५ साली मिसिसिपीच्या विद्यापीठ प्रकाशनाने काढले. अमेरिकेत नोकरी करणाऱ्या माझ्या भाच्याने ते मला पाठविले आणि गेले काही महिने ते माझ्या उशाशी आहे. अब्राहम लिंकन यांच्यावर गोळी झाडली गेली त्या रात्री नाट्यगृहात असलेल्या शंभर माणसांची कथने त्यात एकत्र केली आहेत. पहिली कथने १८६५ सालची, ताजी; शेवटचे १९५४ सालचे, म्हणजे घटनेनंतर ८९ वर्षांनी सांगितलेले. ती ज्या काळात सांगितली गेली त्या क्रमाने लावली आहेत, हा या संग्रहाचा मोठा गुण. विषयवार लावली असती तर वाचकाला एक सलग गोष्ट मिळाली असती आणि ती फसवी ठरली असती. कालक्रमामुळे गोष्ट कशी वाढत गेली, कोठे तिला पालवी फुटली, कोठे तिची जुनी फांदी गळून पडली, हे पानोपानी दिसते.

मराठी वाचकाला या प्रकारच्या परीक्षेची सवय आहे. इतिहासाचार्य राजवाडे यांनी १८९८ साली ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चा पहिला खंड काढला, तेव्हा पानिपतच्या अस्सल पत्रांपुढे बखरींना उभे करून त्यांची कठोर झडती घेतली. समकालीन कागद वर, मागाहून लिहिलेली बखर खाली, ही पायरी तेव्हापासून आपल्या अंगवळणी पडली आहे. त्या शिस्तीने पाहिले तर गुड यांच्या पुस्तकाचा पहिला तिसरा हिस्सा ठेवून उरलेला बाजूला सारावा लागेल. मीही तसेच करणार होतो. परंतु वाचता वाचता ही पायरी पुरेशी नाही असे वाटू लागले. त्याची कारणे मांडण्यासाठी हा लेख.

१

आधी जे निर्विवाद आहे ते थोडक्यात सांगतो. १४ एप्रिल १८६५, गुड फ्रायडेची रात्र. जनरल ली याने शरणागती पत्करून पाचच दिवस झाले होते आणि वॉशिंग्टन विजयाच्या आनंदात होते. फोर्ड्स थिएटरात ‘अवर अमेरिकन कझिन’ या विनोदी नाटकाचा प्रयोग चालू होता. अध्यक्षांच्या सज्जात लिंकन, त्यांच्या पत्नी मेरी, मेजर हेन्री रॅथबोन आणि त्याची वाग्दत्त वधू क्लॅरा हॅरिस एवढी चौघे होती. सव्वादहाच्या सुमारास जॉन विल्क्स बूथ हा नामांकित नट मागच्या दाराने आत आला आणि एकाच गोळीच्या लहान पिस्तुलाने त्याने लिंकन यांच्या डोक्यात मागून गोळी झाडली. आडव्या आलेल्या रॅथबोनच्या दंडावर सुऱ्याचा वार करून तो सज्जातून रंगमंचावर उतरला, रंगमंच ओलांडून मागच्या दाराने बाहेर पडला आणि घोड्यावर बसून निघून गेला. लिंकन यांना रस्त्यापलीकडच्या पीटरसन यांच्या घरात नेले. दुसऱ्या दिवशी सकाळी सात वाजून बावीस मिनिटांनी त्यांचा अंत झाला.

याच्या पुढे पाऊल टाकले की वाद सुरू होतो.

पहिला प्रश्न अगदी साधा आहे. गोळी झाडताना कोणी पाहिले? पुस्तकाचे नाव ‘आम्ही पाहिले’ असे असले तरी बहुतेकांनी ते पाहिलेले नाही. प्रेक्षक नाटक पाहायला आले होते आणि त्यांचे डोळे रंगमंचावर होते. नाटकातल्या एका हमखास हशाच्या वाक्याची बूथने वाट पाहिली, असे बहुतेक अभ्यासक मानतात. हशात आवाज आला. कित्येकांना तो नाटकाचाच भाग वाटला. डोळे सज्जाकडे वळले तेव्हा गोळी सुटून गेली होती आणि दिसला तो खाली उतरणारा माणूस. खुद्द सज्जात बसलेल्या रॅथबोनची जबानी या बाबतीत आदर्श आहे. घटनेनंतर तीनच दिवसांनी त्याने शपथेवर सांगितले ते असे: माझे लक्ष रंगमंचाकडे होते, मागून आवाज आला, वळून पाहिले तेव्हा धुरातून दार आणि अध्यक्ष यांच्यामध्ये एक माणूस दिसला. सात-आठ फुटांवर बसलेला मनुष्य ‘मी गोळी झाडताना पाहिले’ असे म्हणत नाही. जे पाहिले तेवढेच, ज्या क्रमाने पाहिले त्या क्रमाने सांगतो.

याला एक अपवाद आहे आणि तो मोठा बोलका आहे. नाट्यगृहाशेजारी उपाहारगृह चालविणारा जेम्स फर्ग्युसन समोरच्या बाजूच्या माडीवर बसला होता. त्या रात्री अध्यक्षांबरोबर जनरल ग्रँट येणार असे जाहीर झाले होते. ग्रँट आलेच नाहीत, पण फर्ग्युसनला त्यांना पाहायचे होते, म्हणून त्याची नजर रंगमंच सोडून सज्जाकडे लागली होती. पिस्तुलाचा लखलखाट पाहिल्याचे त्याने खटल्यात सांगितले. त्याची साक्ष मोलाची ठरते, कारण त्याचे डोळे त्या दिशेला का होते याचे स्वतंत्र कारण आपल्याला मिळते.

योगायोगाने दुसरा एक फर्ग्युसनही त्या नाट्यगृहात होता. डब्ल्यू. जे. फर्ग्युसन हा नटांना प्रवेशाची वर्दी देणारा मुलगा. पुढे तो स्वतः नट म्हणून नावारूपाला आला आणि १९३० साली, म्हणजे ६५ वर्षांनी, ‘बूथने लिंकनला मारताना मी पाहिले’ अशा अर्थाच्या नावाचे पुस्तक त्याने प्रसिद्ध केले. दोन फर्ग्युसनांमधले अंतर केवळ वर्षांचे नाही. पहिल्याच्या वेळी आरोपींचा खटला उभा होता आणि उलटतपासणी होऊ शकत होती. दुसऱ्याच्या वेळी उलटतपासणी करू शकेल असा जवळजवळ कोणीच हयात नव्हता. ज्या वास्तूत घटना घडली तीही साक्षीला उरली नव्हती. घटनेनंतर लवकरच सरकारने ती ताब्यात घेऊन आतले नाट्यगृह काढून कचेऱ्या केल्या; १८९३ साली तिचे मजले कोसळून २२ कारकून दगावले. आज पर्यटक पाहतात ते नाट्यगृह १९६८ साली पुन्हा उभारलेले आहे. सज्जा किती उंच होता, कोठून काय दिसत होते, हे पडताळायला म्हाताऱ्या साक्षीदारांजवळ स्मृतीशिवाय काही नव्हते.

२

दुसरा प्रश्न बूथच्या शब्दांचा. ‘सिक सेंपर टिरॅनिस’, म्हणजे ‘जुलमी सत्ताधाऱ्यांची हीच गत’, हे व्हर्जिनिया राज्याचे लॅटिन बोधवाक्य तो ओरडला, असे शाळेच्या पुस्तकांत असते. शंभर कथने वाचल्यावर हे चित्र ढवळून निघते. कोणी ते शब्द सज्जात ऐकले, कोणी रंगमंचावर. कोणी त्याऐवजी किंवा त्याच्या जोडीला दक्षिणेचा सूड घेतल्याची घोषणा ऐकली. कोणाला काहीच ऐकू आले नाही. रॅथबोनला एक शब्द ऐकू आला. तो ‘फ्रीडम’ असावा असे त्याला वाटले.

येथे एक विशेष साक्षीदार उपलब्ध आहे, तो म्हणजे स्वतः मारेकरी. पळून जात असताना बूथने रोजनिशीत चार ओळी खरडल्या. त्यात तो म्हणतो, मी गोळी झाडण्यापूर्वीच ते शब्द उच्चारले. समकालीन कागद, अस्सल हस्ताक्षर, कर्त्याचा स्वतःचा शब्द. राजवाड्यांच्या पायरीवर याहून वरचे साधन कोणते? तरीही तो कागद खोटा बोलतो, किंवा निदान फुगवून बोलतो. बसलेल्या माणसाला मागून मारणारा भ्याड, असे वर्तमानपत्रांनी त्याला म्हटले होते आणि ते त्याला झोंबले होते. आधी ललकारी दिली आणि मग वार केला असे लिहिले की खुनाला द्वंद्वाचा थोडा रंग येतो. अध्यक्षांच्या शेजारी कर्नल होता असे तो लिहितो. होता तो मेजर. त्या रात्री साठ मैल दौड केल्याचे तो लिहितो. पण पायावर उपचार करून घेण्यासाठी तो ज्या डॉक्टर मड यांच्या घरी पहाटे पोहोचला, ते घर सुमारे तीस मैलांवर होते. ताजा कागदही हेतूने वाकतो, हे येथे स्वच्छ दिसते.

या रोजनिशीतूनच तिसरा प्रश्न निघतो. रंगमंचावर उडी मारताना माझा पाय मोडला, असे बूथ लिहितो, आणि लंगडत पळणारा बूथ हे चित्र त्यानंतर जगाच्या डोळ्यांपुढे कायम झाले. मायकेल कॉफमन यांनी २००४ सालच्या ‘अमेरिकन ब्रूटस’ या चरित्रग्रंथात याला आव्हान दिले. त्यांचा युक्तिवाद असा की, सुरुवातीच्या जबान्यांत बूथ धावत गेल्याचे वर्णन आहे, लंगडण्याचे क्वचितच. डॉक्टरांकडे मात्र ‘घोडा पडला’ असे कारण सांगण्यात आले होते. तेव्हा पाय पुढे वाटेत घोड्याच्या अपघातात मोडला असावा. कॉफमन यांचे अनुमान सर्वांना मान्य नाही आणि मलाही ते अंतिम वाटत नाही. भीतीच्या भरात मोडक्या पायानेही माणूस वीस-पंचवीस पावले धावू शकतो. शिवाय डॉक्टरला खरे कारण कोण सांगेल? परंतु त्यांनी दाखविलेली वाट महत्त्वाची आहे. पाय मोडल्याची बातमी सर्वत्र पसरल्यानंतर ज्यांनी ‘तो लंगडत होता’ असे सांगितले, त्यांचे लंगडणे डोळ्यांनी पाहिलेले की वर्तमानपत्रात वाचलेले, हे त्यांनाही सांगता येणार नाही. ही माणसे खोटे बोलत नव्हती. मागाहून कळलेली गोष्ट पाहिलेल्या गोष्टीत विरघळते, आणि एकदा विरघळली की गाळून काढता येत नाही.

हॅरी हॉक या नटाच्या बाबतीत हे विरघळणे जणू आपल्या डोळ्यांदेखत घडते. गोळी सुटली तेव्हा रंगमंचावर तो एकटाच होता आणि सुरा घेतलेला बूथ त्याच्याच दिशेने आला. त्याच रात्री पीटरसन यांच्या घरात जेम्स टॅनर या लघुलेखकाने त्याची जबानी टिपली. तो बूथच असावा असे माझ्या माहितीप्रमाणे वाटते, पण मी निश्चित सांगू शकत नाही. एकच क्षण दिसला आणि मी पळालो, असे हॉक आधी सांगतो. त्याच जबानीत थोडे पुढे गेल्यावर म्हणतो, माझ्या मनात मात्र शंका नाही. बूथ त्याच्या ओळखीचा होता. तरी त्याच्या शब्दांत ‘दिसले’ आणि ‘कळले’ यांच्यामधली फट अजून उघडी आहे. दोनच दिवसांनी आईवडिलांना लिहिलेल्या पत्रात ती फट बुजली आहे. तेथे तो सरळ बूथचे नाव घेतो. म्हणजे आठवण घट्ट व्हायला पन्नास वर्षे लागत नाहीत, दोन दिवस पुरतात.

३

येथपर्यंत वाचून कोणी म्हणेल की जुन्या आठवणींचा निकाल लागला. त्या निकालाला बळ देणारी उदाहरणे आणखीही आहेत. लिंकन यांचा प्राण गेल्यावर युद्धमंत्री स्टँटन यांनी ‘आता ते युगायुगांचे झाले’ अशा अर्थाचे शब्द उच्चारले, हे सुप्रसिद्ध आहे. पण ते छापून आले १८९० साली, निकोले आणि हे यांनी लिहिलेल्या चरित्रात. हे स्वतः त्या खोलीत होते, हे खरे. पण नौकामंत्री गिडियन वेल्स हेही तेथे होते, आणि त्यांच्या तपशीलवार रोजनिशीत हे वाक्य नाही. टॅनर याने उतारवयात ते ऐकल्याचे सांगितले, पण तोवर ते वाक्य घरोघर पोहोचले होते. टॅनरचीच दुसरी एक आठवण अशी की पाद्र्यांची अखेरची प्रार्थना तो टिपून घेणार होता, पण नेमके त्या वेळी पेन्सिलीचे टोक मोडले. या आठवणीने त्याचे मोठेपण वाढत नाही, उलट चुटपुटच व्यक्त होते. म्हणून ती मला स्टँटनच्या वाक्यापेक्षा अधिक विश्वसनीय वाटते.

ज्या खोलीत लिंकन वारले ती सुमारे साडेनऊ फूट रुंद आणि सतरा फूट लांब होती. रात्रभर माणसे येत-जात होती, पण एका वेळी आत थोडीच मावत. पुढच्या काळात या प्रसंगाची जी चित्रे निघाली त्यांत खोली रबरासारखी ताणत गेली. अलॉन्झो चॅपेल या चित्रकाराने १८६८ साली काढलेल्या चित्रात चाळिसांहून अधिक माणसे एकाच वेळी उभी आहेत. जे जे कधी तरी त्या खोलीत डोकावले त्या सर्वांना त्याने एका क्षणात आणून बसविले. स्मृतीचे कामही असेच चालते. रात्रीभरात वेगवेगळ्या वेळी जे ऐकले, पाहिले, पुढे वाचले, ते सर्व ती एका खोलीत आणून ठेवते आणि भिंती मागे सारते.

हे केवळ लिंकन यांच्या बाबतीत घडले असेही नाही. कोलग्रोव्ह नावाच्या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने १८९९ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात १७९ लोकांना विचारले होते की लिंकन यांच्या हत्येची बातमी कळली तेव्हा तुम्ही कोठे होता? तीस-पस्तीस वर्षांनंतरही १२७ जणांनी जागा, वेळ, सोबतचे माणूस असा सर्व तपशील दिला. एवढी लख्ख आठवण खोटी असेल का, असे तेव्हा कोणालाही वाटले असते. पण १९८६ साली ‘चॅलेंजर’ यानाचा स्फोट झाला तेव्हा नायसर यांनी दुसऱ्याच दिवशी विद्यार्थ्यांकडून लेखी टिपणे घेतली आणि सुमारे अडीच वर्षांनी पुन्हा विचारले. कित्येकांची उत्तरे पहिल्या टिपणांशी मुळीच जुळली नाहीत आणि तरी ते ठाम होते. स्वतःचे हस्ताक्षर समोर ठेवले तरी मूळ आठवण कोणाला परत आली नाही. लख्खपणा हा खरेपणाचा पुरावा नव्हे, एवढे यावरून सिद्ध होते.

४

मग जुन्या आठवणी टाकून द्यायच्या काय? याचे उत्तर देण्यापूर्वी आणखी दोन साक्षीदारांना बोलावतो.

पहिला डॉक्टर चार्ल्स लील. वय २३, पदवी मिळून जेमतेम काही आठवडे झालेले. सज्जात पोहोचणारा तो पहिला डॉक्टर. त्याने घटनेनंतर लगेच लिहिलेला अहवाल अमेरिकेच्या राष्ट्रीय अभिलेखागारात दडून राहिला होता. तो २०१२ साली हाती लागला. भाषा कोरडी, वैद्यकीय. रॅथबोनच्या रक्ताळलेल्या दंडामुळे आधी सुऱ्याची जखम असेल असे वाटले. कपडे कापून शोधली, सापडली नाही. मग डोळ्यांच्या बाहुल्या पाहून डोके तपासले. डाव्या कानामागे छिद्र लागले. साकळलेले रक्त काढल्यावर श्वास सुधारला. अनुमान कोठे चुकले, हेही तो नोंदवितो. याच लीलने १९०९ साली, लिंकन यांच्या जन्मशताब्दीच्या वर्षी, जुन्या लष्करी अधिकाऱ्यांच्या मंडळापुढे व्याख्यान दिले. त्यात तोच प्रसंग आहे, पण आता तो भक्तिभावाने भरलेला आहे. त्या अंधारात अध्यक्षांना आपल्याजवळ कोणी मित्र आहे हे कळावे, म्हणून मी त्यांचा हात घट्ट धरून ठेवला, असे वृद्ध लील सांगतो.

इतिहासकार पहिल्या कागदाला वरचे स्थान देतील आणि ते योग्यच आहे. जखम कोठे होती हे १९०९ च्या व्याख्यानावरून ठरवू नये. पण १८६५ चा अहवाल एका गोष्टीबद्दल मौन बाळगतो. तेवीस वर्षांच्या पोराच्या हाताखाली देशाचा अध्यक्ष मरत होता, तेव्हा त्या पोराला काय वाटले? अहवालात ते येऊ शकत नव्हते. ते बाहेर पडायला ४४ वर्षे लागली आणि तोवर त्यावर शताब्दीचा साज चढला. तो साज मी वजा करतो, तरी हात उरतोच.

दुसरा साक्षीदार सॅम्युएल सेमूर. ९ फेब्रुवारी १९५६ रोजी अमेरिकेच्या दूरचित्रवाणीवर ‘आय हॅव गॉट अ सीक्रेट’ या कार्यक्रमात तो दिसला. पाहुण्याचे गुपित चौघांनी प्रश्न विचारून ओळखायचे, असा तो करमणुकीचा खेळ. सेमूर तेव्हा ९५ वर्षांचा होता. हॉटेलच्या जिन्यावर पडून डोळ्याजवळ सूज आली होती, तरी तो आला. त्याचे गुपित हे की लिंकन यांची हत्या त्याने पाहिली होती. बक्षीस म्हणून थोडे डॉलर आणि पाइपमध्ये ओढायची तंबाखू मिळाली. पुढे दोनच महिन्यांनी, १२ एप्रिलला, तो वारला. गुड यांच्या संग्रहातले शेवटचे, १९५४ सालचे कथन याचेच.

राजवाड्यांच्या पायरीवर हा माणूस सर्वांत खाली बसेल. घटनेच्या वेळी वय पाच, मध्ये ८९ वर्षे, आणि कथन दुसऱ्याने शब्दांकित केलेले. मधल्या काळात छापील चित्रे आली, नाटके आली, १९१५ साली ग्रिफिथच्या चित्रपटात हा प्रसंग पडद्यावरही आला. यांतले किती त्याच्या आठवणीत मिसळले असेल हे सांगणे अशक्य आहे. तरीही सेमूरच्या कथनात एक गोष्ट आहे जी कोणत्याही चित्रपटात नाही. अध्यक्षांना गोळी लागली हे त्या मुलाला कळलेच नाही. त्याने पाहिले ते एवढेच की एक माणूस वरून खाली पडला. त्याला त्या पडलेल्या माणसाची काळजी वाटली आणि त्याला मदत करायला जावे असे वाटले.

मला हे वाक्य वाचून थांबावे लागले. पडलेला माणूस म्हणजे बूथ. नव्वद वर्षे ज्या मारेकऱ्याला देशाने शिव्या दिल्या, त्याच्याविषयी एका मुलाला कणव वाटली होती, आणि सगळे कळल्यानंतरही त्या म्हाताऱ्याने ती कणव गोष्टीतून काढून टाकली नाही. जी आठवण सांगणाऱ्याला मोठे करीत नाही, ऐकणाऱ्याला हवे ते देत नाही आणि प्रचलित कथेत कोठे बसत नाही, तिच्यावर वर्षांचा गंज कमी चढतो. ती खरीच आहे असे मी शपथेवर म्हणणार नाही. पण बूथच्या ताज्या रोजनिशीतल्या ललकारीपेक्षा सेमूरच्या या शिळ्या आठवणीवर माझा विश्वास अधिक बसतो.

५

तेव्हा आठवणीचे वय हे एक माप झाले, पण एकमेव नव्हे. आणखी काही विचारावे लागते. सांगणारा कोठे उभा होता आणि तेथून काय दिसू शकत होते? त्याची नजर त्या दिशेला का होती? मध्यंतरी त्याने काय ऐकले, वाचले? सांगताना समोर कोण होते, न्यायालय, शताब्दीची सभा की आईवडील? या तपशिलाने त्याचे काय साधते? आणि शेवटी, आपण त्याला काय विचारीत आहोत? जखमेची जागा विचारायची असेल तर तरुण लीलकडे जावे; त्या रात्रीचे ओझे विचारायचे असेल तर वृद्ध लीलला ऐकून घ्यावे.

आपल्याकडे विष्णुभट गोडसे यांच्या ‘माझा प्रवास’ला हीच कसोटी लावावी लागते. सत्तावन्नच्या धामधुमीत झाशी-ग्वाल्हेरकडे सापडलेल्या या भिक्षुकाने आपली हकीकत सुमारे पंचवीस वर्षांनी लिहिली. चिंतामणराव वैद्यांनी ती १९०७ साली आपल्या हाताने फेरफार करून छापली आणि मूळ हस्तलिखिताबरहुकूम पाठ दत्तो वामन पोतदारांनी १९६६ साली दिला. तारखा आणि सैन्याचे आकडे यांसाठी कोणी गोडसे भटजींवर विसंबू नये. पण वेढ्यात अडकलेल्या गावात सामान्य माणसाची अन्नपाण्यावाचून, भीतीने काय दशा होते, हे सरकारी खलित्यांत सापडत नाही. ते सांगायला भटजीच लागतात.

हे सर्व मला तरुणपणी उमगले असते तर बरे झाले असते. माझी आत्या आमच्या इंदूरच्या जुन्या घरात गांधीजींच्या हत्येच्या दिवसाची गोष्ट सांगत असे. दप्तर घेऊन शाळेतून येत होते, चौकात माणसे जमली होती, तेथेच कळले, अशी तिची सुरुवात. मी तेव्हा इतिहास घेऊन बी. ए. करीत होतो. एका दिवाळीत, सर्वांदेखत, मी तिला सांगितले की गोळ्या सायंकाळी सव्वापाचनंतर झाडल्या गेल्या. बातमी येईतो अंधारत आले होते. तुमची शाळा तर तेव्हा केव्हाच सुटलेली असणार. ती हसली आणि म्हणाली, ‘‘असेल बाबा, तुम्ही शिकलेली माणसे.’’ त्यानंतर माझ्यासमोर तिने ती गोष्ट पुन्हा काढली नाही.

मी जिंकलो तो दप्तराचा मुद्दा. हरवले ते पुढचे. कारण तिच्या गोष्टीत दप्तरानंतर असे येत असे की, बातमी ऐकून आजोबांनी पहिला प्रश्न विचारला तो ‘मारणारा कोण?’ आणि नाव कळल्यावर काही न बोलता दिंडीला आतून अडसर घातला. त्या रात्री ओसरीवर दिवा लावला नाही. परमुलखात चार पिढ्या राहिलेल्या मराठी माणसाला त्या रात्री स्वतःच्या आडनावाची भीती का वाटली, अडसर किती दिवस राहिला, शेजारच्यांनी काय केले, हे मला तिला विचारता आले असते. तिची साक्ष त्या बाबतीत पक्की होती. तेथे तिच्या सांगण्याने कोणाचेच मोठेपण वाढत नव्हते. मी घड्याळ तपासीत बसलो. आता आत्या नाही, ते घरही नाही.

आपल्या मंडळाच्या अनेक घरांत अजून ऐंशी-नव्वदीची माणसे आहेत. संस्थाने विलीन झाल्याच्या, भाषावार प्रांतरचनेच्या, गोवा मुक्त झाल्याच्या, सीमाभागातल्या आंदोलनांच्या आठवणी त्यांच्यापाशी आहेत. त्या टिपून घेणाऱ्यांना लिंकन-हत्येच्या या शंभर साक्षीदारांकडून शिकण्यासारखे पुष्कळ आहे. सांगणाऱ्याला मध्येच अडवू नये. ज्या दिवशी सांगितले ती तारीख कागदावर घालावी, आणि तीच गोष्ट दुसऱ्यांदा सांगितली तर ती वेगळी, नव्या तारखेने लिहावी; दोन्हींतला फरक खोडू नये. तो कोठे उभा होता ते विचारावे. चूक दिसली तर ती समासात लिहावी, तोंडावर बोलू नये. पडताळणी करायला नंतर वेळ असतो आणि ती अवश्य करावी. ऐकायला मात्र तेवढा वेळ नसतो.